टेकाडाची सावली

समुद्राकाठच्या एका सपाट मुलखात गोल्फचं मैदान नवं होतं, तेव्हाची गोष्ट. तिथलं एकुलतं एक टेकाड शेजारच्या तळ्याला हसायचं, "नुसता खड्डा! लोकांचे चेंडू गिळून बसतो."

चेंडू हरवून वैतागलेल्या, तिथे खेळणाऱ्या बंगलेवाल्यांनी एकदा तळं बुजवायचं ठरवलं. टेकाड खूश झालं.

तेवढ्यात म्हातारा माळी धाकू म्हणाला, "माती टेकाडाचीच घ्या. तळं खणूनच तर ते रचलंय."

टेकाडाला कापरं भरलं. ते पाहून तळ्याने खेकड्यांना हाक मारली, "पोरांनो, सगळे चेंडू काठावर ढकला." चेंडू मिळाले आणि बेत बारगळला.

"मी एवढा हसलो, तरी मला वाचवलंस?"

"अरे, तू माझ्याच पोटातली माती."

तेव्हापासून दुपार कलली, की टेकाड आपली सावली तळ्यावर धरतं.