साकवाची गोष्ट कोणी काढली?

पूर्वी, आजीच्या आजीलाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक छोटा परगणा होता. राजा होता, पण तो लांब राजधानीत. इथला कारभार पाहायची पंचसभा. प्रत्येक गावाने आपल्या विश्वासाचं एक माणूस सभेत पाठवायचं, आणि दर पौर्णिमेला चिंचेखालच्या पारावर सगळ्यांनी बसायचं. पाटाचं पाणी कोणी कधी घ्यायचं, रस्ता कुठून न्यायचा, राखीव रानातलं झाड कोणी तोडायचं, सगळं तिथे ठरायचं. म्हणजे ठरायला हवं होतं.

अडचण अशी की फार मागे एका पंचाने दिलेला शब्द फिरवला होता. "मी असं म्हणालोच नव्हतो," असं तो भर सभेत म्हणाला. तेव्हापासून सभेने एक पाठक नेमला. पाठकाचा आवाज खणखणीत, आणि स्मरण असं की कोण कधी खोकलं तेही सांगेल. सभा सुरू झाली की मागच्या सभेत कोण काय बोललं ते त्याने म्हणून दाखवायचं, पंचांनी चुका दुरुस्त करायच्या, आणि मगच नवं काम हाती घ्यायचं. नियम चांगला होता. पण चांगला नियमसुद्धा माणसाला किती छळू शकतो, ते पाहा.

मागच्या सभेत पंचांनी काय केलेलं असायचं? त्याच्या मागची सभा ऐकलेली असायची. मग पाठकाने त्या ऐकण्याचंही वर्णन करायचं. "तेव्हा तात्या म्हणाले की मी 'हो' म्हणालो नव्हतो, नुसती मान हलवली होती." लगेच पंचांतले ते तात्या उठायचे. "मान हलवली नव्हती हो, माशी हाकलली होती!" मग माशीवर चर्चा. एवढ्यात गुरं घरी परतायची वेळ व्हायची, आणि गुरं परतली की सभा उठायची, हाही नियमच.

या सभेत ओढ्याकाठच्या गावाची पंच होती एक सुईण. तिला सगळे मावशी म्हणत. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जगात आलेली. सभेत बसली की मात्र ती त्याच हातांनी कपाळ धरायची. "अहो, माझ्या एका खेपेत मूल जन्माला येतं," ती म्हणायची, "आणि तुमच्या दहा सभांत एक 'हो' जन्माला येत नाही!" पंच हसायचे. पाठक ते वाक्य लक्षात ठेवायचा आणि पुढच्या सभेत म्हणून दाखवायचा.

ओढ्यावरचा साकव, म्हणजे तो छोटा लाकडी पूल, डुगडुगत होता. खांब आतून पोकळ झाले होते. नवा साकव बांधायला गावकरी तयार होते, पण खांबांना लागणारं लाकूड राखीव रानातलं, आणि त्याला सभेचा शब्द हवा. मावशीने हिवाळ्यातच विषय काढला. पुढच्या सभेत तिने पुन्हा काढला. तिला घाईही होती. ओढ्यापलीकडे तिची लेक दिली होती आणि लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, मावशीच्या हातून झालं, तेव्हा मूल पायाळू होतं, आधी पाय आले होते. दुसरं सासरी व्हायचं होतं. पावसाच्या तोंडावर मावशीला पलीकडे जायचं होतं, आणि जायला तो साकवच होता.

पावसाळ्याआधीची शेवटची सभा भरली. त्या दिवशी नवल झालं. तात्या आजारी म्हणून आले नव्हते, त्यामुळे माशी निघाली नाही. पाठक भराभर म्हणत सुटला. ऊन अजून चिंचेच्या शेंड्यावर होतं. मावशीच्या जिवात जीव आला.

पाठक म्हणाला, "शेवटी आबा म्हणाले, साकव मोडायला आलाय, रानातलं लाकूड द्यावं."

मावशी ताडकन उठली. आबा म्हणजे शेजारच्या गावचे पंच, पारावर टेकले की घोरणारे गृहस्थ. "आबा? आबा झोपले होते! ते मी म्हणाले!"

आबांनी डोळे चोळले. "म्हणालो असेन बुवा."

"म्हणालो असेन काय? हिवाळ्यापासून मी घसा कोरडा करतेय, आणि नाव यांचं?"

पाठक वर्षातून एखादेच वेळी चुकायचा, त्यामुळे चूक कबूल करणं त्याला फार जड जायचं. तो म्हणाला, माझ्या कानांनी ऐकलंय. कोणी पाठकाच्या बाजूने झाले, कोणी मावशीच्या. मावशीने साक्षीदार उभे केले. ती सोडती, तर त्याच घटकेला लाकूड मिळतं. पण तिने सोडलं नाही. शेवटी सभेने एकमताने मान्य केलं की साकवाची गोष्ट मावशीनेच काढली होती. मावशी समाधानाने खाली बसली, आणि वेशीवर गुरांच्या घंटा वाजल्या. सभा उठली.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. एका दुपारी डोंगरावर असा कोसळला की साकव खांबांसकट वाहून गेला. आणि त्याच दुपारी पलीकडच्या काठावर जावई येऊन पोटाकडे बोट करत हात उंचावू लागला. लेकीचे दिवस भरायला अवकाश होता, तरी कळा सुरू झाल्या होत्या.

मावशी काठावर धावली. ती ओरडली, पण पाण्याच्या गर्जनेत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. ती पाण्यात उतरू लागली, तेव्हा आबांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. सगळं गाव जमलं, आसपासच्या गावांतले पंच धावत आले, आणि कोणीतरी पाठकाला ओढत आणलं.

मावशी त्याच्या कानात बोलू लागली, आणि पाठकाचा तो खणखणीत आवाज पाण्यावरून पार गेला. "डोकं आधी दिसत असेल तर एक हात वर कर! पाय असतील तर दोन्ही!"

जावई घरात धावला, परत आला. त्याने दोन्ही हात वर केले.

मावशी पाठकाच्या कानात बोलत राहिली. "तिला उकिडवं बसवा! पाठीला आधार द्या! मुलाला ओढू नका, कोणी ओढू नका!" पाठक शब्दन् शब्द पोचवत होता. यातलं काय मावशी म्हणाली आणि काय पाठक, हे त्या काठावर कोणीही विचारलं नाही.

संध्याकाळी जावई कापडात गुंडाळलेलं मूल घेऊन काठावर आला. लेकही सुखरूप होती. मावशी चिखलात बसून रडली.

ओढ्याचं पाणी ओसरल्यावर ती पलीकडे गेली, तोवर बारसंही होऊन गेलं होतं. गावोगावची मुलं आधी जिच्या हातांत आली, तिच्या हातात स्वतःचा हा नातू सगळ्यांत शेवटी आला. तिने उचलताच त्याने भोकाड पसरलं. मावशीला ते फार लागलं, आणि चूक कुणाची हेही तिला ठाऊक होतं.

पुढच्या पौर्णिमेला सभा भरली. पाठक घसा खाकरतो तोच एक पंच म्हणाला, "त्या दिवशी पाठकाला आणायचं मी सुचवलं, तेवढं घ्या."

"तुम्ही कुठे? मी!" दुसरा उसळला. बरे झालेले तात्या म्हणाले, आपण घरून तेच सुचवलं होतं.

मावशी उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही भांडणार.

ती म्हणाली, "साकवाची गोष्ट आबांनी काढली. पाठकाला आबांनी आणलं. सगळं आबांच्या नावावर घाला. आता लाकूड द्यायचं का नाही, तेवढं बोला."

आबा पुरते जागे झाले आणि म्हणाले, "द्यायचं." मग एकेकाने मान हलवली, आणि या वेळी माशी कुठेच नव्हती. मावशीने कुऱ्हाड उचलली आणि रानाची वाट धरली. पंच तिच्यामागे निघाले. पारावर एकटा पाठक राहिला. थोडा वेळ थांबून तोही लाकडं वाहायला गेला.

तेव्हापासून त्या परगण्यात आधी काम होतं आणि मग पाठकाचं म्हणून दाखवणं. ते ऐकायला आबा तेवढे थांबतात, तेही झोप लागली म्हणून.

तात्पर्य : काम कोणी सुचवलं याचा मान मिळवण्यात वेळ गेला, तर मान मिळतो आणि काम राहून जातं.