डाव्या खांद्यावरचा हुकूम

युद्ध ऐन भरात असताना आमच्या रणगाड्यावर इंगवले दफेदार नवे प्रमुख म्हणून आले. त्यांना जिभेपेक्षा बुटावर जास्त भरवसा.

इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नसे. म्हणून वर उभा असलेला प्रमुख खाली बसलेल्या चालकाचा खांदा पायाने दाबून इशारा देई. डावा खांदा दाबला की डावीकडे वळायचं, उजवा दाबला की उजवीकडे. इंगवले मात्र राग आला की त्याच खांद्यांवर लाथा हाणत. आमच्या केरबा चालकाचे दोन्ही खांदे काळेनिळे पडले.

"आता बास," केरबा आम्हाला म्हणाला. "उद्यापासून त्यांची प्रत्येक लाथ मी हुकूम मानणार."

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांसमोरून रणगाडे रांगेत निघाले. आमच्या गाडीला हिसका बसला, तशी इंगवल्यांनी केरबाच्या डाव्या खांद्यावर लाथ घातली. केरबाने रणगाडा सरळ डावीकडच्या डबक्यात नेला आणि तो चिखलात रुतला.

"हा काय गाढवपणा?" मेजर कडाडले.

"साहेब, दफेदारांनी डावीकडे वळायचा हुकूम दिला."

"साफ खोटं! मी हुकूम दिलाच नाही!" इंगवले ओरडले.

केरबा शांतपणे म्हणाला, "यांचा बूट माझ्या डाव्या खांद्यावर पडला, साहेब. तो हुकूम नव्हता, तर काय होतं, ते दफेदारांनीच सांगावं."

जवानाला लाथ मारली तर दंडावरच्या पट्ट्या जातात, हे इंगवल्यांना पक्कं ठाऊक होतं. ते घाम पुसत पुटपुटले, "हुकूमच होता, साहेब."

"मग उतरा चिखलात आणि दोर बांधा."

दोराने ओढून बाहेर काढल्यावर रणगाडा पुन्हा निघाला. थोड्या वेळाने केरबाच्या उजव्या खांद्यावर पाय अलगद टेकला. बूट इंगवल्यांनी काढून ठेवले होते.