एक गाव तापल्याची बातमी

जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या एका जुन्या दैनिकात भाऊसाहेब नावाचे वयोवृद्ध संपादक होते. मंजिरी ही तरुण बातमीदार त्यांच्या हाताखाली शिकत होती. वैशाखात एकदा भाऊसाहेब परगावी असताना तिच्या तीन बातम्या एकाच अंकात छापून आल्या. पहिलीत ऊन तापले होते, दुसरीत आंब्याचा बाजार, आणि तिसरीत कालव्याच्या पाण्यावरून एक अख्खे गाव.

अंक निघाला त्याच सकाळी त्या गावचे केरबा कचेरीत आले. भाऊसाहेब नुकतेच परतले होते.

"उद्या लेकीचं लग्न आहे," केरबा म्हणाले. "पाव्हणे तालुक्याचे. पेपर वाचून म्हणतात, तुमच्या गावात तापलंय, बायकापोरं घेऊन यायचं कसं? लग्न पुढं ढकला म्हणतात."

"पण पाण्यासाठी गावची सभा भरली, तिच्यात माझ्यासमोर भांडण झालं होतं ना?" मंजिरीने विचारले.

"आवाज चढले होते, ताई. तुम्ही गेल्यावर पाण्याच्या पाळ्या ठरल्या. सगळ्यांनी मिळून माझ्या दारात मांडवही घातला."

मंजिरीला वाटले, आता बोलणी बसणार, कदाचित नोकरीही जाणार! भाऊसाहेबांनी मात्र चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाले, "चल. आपल्याला वऱ्हाडात जायचंय."

तिला काही उमगेना. नवरदेवाच्या घरी पोहोचताच भाऊसाहेबांनी हात जोडले. "बातमी आमची चुकली. उद्या पहिल्या गाडीत मी बसतो, शेजारी ही बसेल. तुम्ही मागून या." सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे ते शब्द ऐकून वरपित्याला नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गेले, तेव्हा सभेत कडाडून भांडलेले दोघे वेशीवर उभे राहून पाहुण्यांना गंध लावत होते. लग्न थाटात लागले. केरबांनी मंजिरीला आग्रहाने जिलबी वाढली. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता.

परतताना तिने विचारले, "दुरुस्ती आज छापलीच होती. मग तुम्ही एवढी दगदग का केलीत? आणि चूक माझी होती, हे कुणालाच का नाही सांगितलंत?"

भाऊसाहेब म्हणाले, "ऊन तापलं असं तू लिहिलंस, की वाचणारा डोक्याला रुमाल बांधतो. बाजार तापला म्हटलंस, तर हात आखडता घेतो. पण माणसं तापली असं वाचलं, की तो त्यांच्या वाटेला जात नाही, नाहीतर काठी घेऊनच जातो. आपला शब्द कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो, ते तू डोळ्यांनी बघावंस एवढंच मनात होतं. आणि नावाचं काय? अंकात छापलं ते आपलं सगळ्यांचं."

जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले तशी मंजिरीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. डोळे भरून आले होते, पण मन हलके होते.

आपली चूक चारचौघांत न मांडता जो आपल्याला हात धरून तिच्यापर्यंत घेऊन जातो, असा माणूस भेटला तर मनोमन त्याचे आभार मानावेत.