धुरपदेची वाट

ओढ्याकाठच्या शेराच्या झुडपांच्या कुंपणात बैलगाडी जाईल एवढी फट दिसली, की नवखा माणूस म्हणतो, कुंपण मोडलंय. मग गावातले म्हातारे नामातात्या चिंचेखालून उठून येतात. "मोडलं नाही पाव्हणं, सोडलंय," म्हणतात आणि सांगू लागतात.

फार मागे या शेतात गहू सारखा म्हणून कधी येत नसे. वर माळाकडचा फाल्गुनातल्या उन्हाने दाणा भरायच्या आत करपे. खालच्या खोलगट लवणात माती काळीभोर, पण तिथे पौषातली थंडी फुलोऱ्यातल्या ओंब्या जाळून टाकी. लागोपाठ तीन सालं ओंब्या पांढऱ्या, पोचट निघाल्या. जमिनीला शाप आहे म्हणत शेताचे मालक खंडोजी लवण पडीक टाकायला निघाले.

त्यांची थोरली सून धुरपदा. ती म्हणाली, "मामंजी, एक पौष मला द्या."

शेताचे दुखणे कळेपर्यंत पायात वहाण घालणार नाही, असा नेम तिने धरला. रोज तांबडे फुटताना ती अनवाणी सारे शेत चाले. माळावर पाय नुसते गार पडत. लवणात उतरले की टाचांत सुया टोचत. टाचा फुटून रक्त आले, पण बाई थांबली नाही. एके पहाटे तिच्या हातातल्या धुमसत्या गोवरीचा धूर वर गेलाच नाही, असे सांगतात. जमिनीलगत उताराने सरकत तो कुंपणाशी जाऊन तुंबला.

"थंडी पाण्यासारखी उतरते, मामंजी. कुंपणानं तिला बांध घातलाय. वाट द्या तिला."

"कुंपण तोडलं तर गुरं शिरतील."

"गुरं मी हाकीन. थंडी मला हाकता येत नाही."

तिनेच कोयता घेतला. शेराच्या चिकाने हात पोळले, डोळे सुजले. तिसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली. पुढच्या कार्तिकात तिच्या सांगण्यावरून माळावर आधी पेरले, ऊन तापण्याआधी दाणा भरावा म्हणून. लवणात पंधरा दिवसांनी, फुलोरा कडाक्याच्या थंडीनंतर यावा म्हणून. त्या पौषात रांजणातल्या पाण्यावर सायीसारखे बर्फ धरले म्हणे. शेजारची लवणे जळाली. धुरपदा घोंगडी पांघरून वाटेच्या तोंडाशी गुरे हाकत बसली होती, आणि तिच्यामागे गहू हिरवागार उभा होता.

कापणीला खंडोजींनी ओंबी तळहातावर चोळली. दाणे टपोरे. ते घरात गेले, ऊन पाण्याची घागर घेऊन आले आणि सुनेचे भेगाळलेले पाय धुऊ लागले. ती लाजून मागे सरली, तर मान खालीच ठेवून म्हणाले, "राहू दे पोरी. मला जे डोळ्यांनी दिसलं नाही, ते तुझ्या पायांनी पाहिलं."

आजही या गावात गव्हाच्या पेरणीला घरची थोरली सून अनवाणी पुढे चालते आणि ती थांबेल तिथून बी पेरायची पाभर धरली जाते. काम उरकले की सासरा तिचे पाय धुतो. धुताना त्याने मान वर करायची नसते.