कप्तानाची सोळा पानं

'तारांगणाचे शिलेदार' या सिनेमावर बेतलेली कादंबरी आमच्या वाचनालयात आली आणि वाचकांत दोन तट पडले. अर्धे म्हणाले, मधली सोळा पानं यानाचा कप्तान नुसत्या बढाया मारतो, झोप येते. अर्धे म्हणाले, तीच पानं वाचून आम्ही पोट धरधरून हसलो.

भांडण अध्यक्ष तात्यासाहेब सरनोबतांकडे गेलं. ते गरजले, "पुस्तक रद्दीत टाका!"

ग्रंथपाल सुमेधाताईंचा त्या कादंबरीवर भारी जीव. त्या म्हणाल्या, "साहेब, आधी नमुना तर ऐका." आणि वाचू लागल्या, "मी पाळण्यात होतो तेव्हाच गावाने ओळखलं, की हा पुढे नेतृत्व करणार."

"शी! किती गर्विष्ठ माणूस!"

"मग एवढी सोळा पानं फाडून बाकी पुस्तक ठेवू?"

"फाडा! माझ्यासमोर फाडा!"

"फाडते. तुम्ही शाळेतल्या मास्तरांकडून स्वतःचं आत्मचरित्र लिहून घेतलंत ना, त्याची ही पानं आहेत. छापखान्यात बांधणी करताना चुकून यात शिवली गेली."

तात्यासाहेब पेलाभर पाणी प्यायले.

"राहू द्या," ते म्हणाले. "कप्तान तसा स्पष्टवक्ता वाटतो."