आठवं घटिकापात्र

लहानांनो ऐका, आणि थोरांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका. फार फार वर्षांपूर्वी, घड्याळं अजून भिंतीवर चढली नव्हती तेव्हा, वेळ पाण्यावर मोजत असत. तांब्याची एक वाटी असायची, तिच्या बुडाला केसाएवढं भोक. वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत यायचं आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली म्हणायचं. ह्या वाटीचं नाव घटिकापात्र.

एका राजधानीत एक तांबट होता. घटिकापात्र करावं तर त्यानेच, असं त्याचं नाव होतं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही ऋतूंत बुडवून पारखल्याशिवाय तो एकही पात्र हातावेगळं करत नसे. त्यामुळे वर्षाकाठी पात्रं व्हायची चार, आणि मागणारे चाळीस.

त्याच्या बापाने ह्यावर एक साधी रीत घालून दिली होती. दुकानाच्या दाराशी एक सळई आडवी बसवलेली होती. ज्याला पात्र हवं, त्याने आपल्या खुणेचं कडं सळईच्या एका टोकाने ओवायचं. पात्र तयार झालं की दुसऱ्या टोकाचं कडं काढायचं. ज्याचं कडं, त्याचं पात्र. एकदा राजवाड्याच्या कारभाऱ्याचं कडंसुद्धा एका कुंभाराच्या कड्यामागे दोन वर्षं अडकून पडलं होतं, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता.

मग एके दिवशी एक सरदार आला. त्याच्या घरी तांबटाच्या बापाच्या हातची दोन पात्रं होती, मखमलीच्या पेटीत ठेवलेली. त्याने दुकानातलं नवं पात्र उचललं, उजेडात फिरवलं आणि त्यावरच्या ठोक्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "वा! असा ठोका तुमच्या वडिलांनाही साधला नव्हता." झालं. तांबट हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच.

त्याच दिवशी दुपारी एक पाटकरीण आली. पाटकरीण म्हणजे गावाच्या पाटाचं पाणी शेताशेताला वाटून देणारी बाई. नवरा गेल्यावर गावाने ते काम तिच्याकडे दिलं होतं. तिच्या गावात अकरा मळे, पाट एकच, आणि प्रत्येक मळ्याला दोन वाट्या बुडेपर्यंत पाणी. तिचं कडं सळईवर दुसरं होतं. तिनेही ते नवं पात्र हातात घेतलं, पालथं केलं, भोकाला डोळा लावला आणि विचारलं, "दादा, गाळाच्या पाण्यात हे किती वर्षं टिकेल?"

ठोक्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही, हे तांबटाला फार लागलं. आता खरं सांगा, पात्र कशासाठी असतं हे त्या दोघांत कोणाला कळलं होतं? पण माणूस एकदा स्तुतीला भाळला की त्याला सरळ प्रश्नही अपमान वाटतो. त्याच आठवड्यात त्याने सळई काढून माळ्यावर टाकली. कडी मोडीत घातली.

येणाऱ्याला तो आता बैठकीवर बसवून एवढंच विचारायचा, की तुमच्याकडे आमची किती पात्रं आहेत. ज्याच्याकडे जास्त, त्याला कदर जास्त, असा त्याचा हिशेब. दोन असणाऱ्याला तिसरं मिळू लागलं, चार असणाऱ्याला पाचवं. ज्याच्याकडे एकही नाही, त्याला पहिलं नाही म्हणून दुसरं नाही, आणि दुसरं नाही म्हणून पहिलंही नाही. आणि तांबट ह्याला म्हणायचा न्याय!

पाटकरीण दर वर्षी सुगी उरकली की दोन दिवस चालत यायची. तिच्याजवळचं जुनं पात्र गाळाने झिजून चिरलं होतं. चिरेत लाख भरून ती दिवस ढकलत होती. लाख धरली तर वाटी वेळेवर बुडे, सुटली तर अर्ध्या वेळातच तळाला जाई. "हे तुमच्या वडिलांच्या हातचं आहे," असं सांगून तिने एकदा ते पुढे केलं, तेव्हा तांबट म्हणाला, "फुटकं पात्र मी मोजत नाही, बाई." आणि तिला पुढच्या वर्षाचा वायदा दिला. अशा वाटाण्याच्या अक्षता तिने सहा वर्षं घेतल्या.

सातव्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. पाटाला पाणी आलं ते धोतराच्या सोग्याएवढं. ह्या खेपेला पाटकरीण सुगीची वाट न बघता आली आणि बैठकीवर न बसता उंबऱ्यातच उभी राहिली. गावात माझ्या तोंडावर म्हणतात की मी ह्याला जास्त देते, त्याला कमी देते, असं तिने सांगितलं. मळेवाले फावडी घेऊन बांधावर बसायला लागलेत. विकत नको, एका पाळीपुरतं उसनं द्या. तिने पदर पसरला नाही की डोळ्यांना लावला नाही, आणि म्हणूनच की काय, तांबटाने पहिल्यांदा तिला पुढच्या वर्षाचा वायदा दिला नाही.

पण द्यायला होतं काय? त्या वर्षीची चारही पात्रं चार पेट्यांत गेली होती. नवं व्हायला तीन ऋतू लागणार. तिला बसवून तो तसाच उठला आणि सरदाराकडे गेला. सरदाराकडे आता सात पात्रं होती. सातही कोरडी. एकाच्याही बुडाला कधी पाणी लागलं नव्हतं. तांबटाने हात जोडून एक पात्र महिन्याभरासाठी मागितलं.

सरदार हसला. "तांबट, रीत तुमचीच ना? माझी सात आहेत म्हणून तुम्ही मला आठवं देणार. एक गेलं की मी सहावर येतो, आणि त्या सराफाकडेही सहा आहेत. मग पुढच्या वर्षी मला का म्हणून द्याल?"

तांबट तिथून उठला. तो सराफाकडे गेला, जहागीरदाराकडे गेला, सगळी पेठ पालथी घातली. सगळ्यांनी त्याची रीत त्यालाच समजावून सांगितली, आणि वर पानसुपारी दिली. तो रिकाम्या हाताने परतला. सरदाराच्या सात कोरड्या पात्रांची गोष्ट त्याने पाटकरणीला सांगितली, तेव्हा आपलं फुटकं पात्र उचलून ती चालू लागली.

पंधरा दिवसांनी लाख सुटली. दोन्ही खेपांना वाटी अर्ध्या वेळात बुडाली. पाटकरणीने रीतीप्रमाणे पाणी पुढच्या मळ्याला फिरवलं, आणि ज्याचं पाणी तुटलं तो फावडं घेऊन तिच्या अंगावर धावला. पुढच्या मळ्यातला तरुण मधे पडला. फावड्याचा घाव त्याच्यावर बसला आणि तो जागच्या जागी गेला. पाटकरणीचा धाकटा दीर होता तो. गाव म्हणालं, दिराला पाणी द्यायला हिनेच वाटी लवकर बुडवली. पंचांनी तिचं काम काढून घेतलं. त्या दिवसापासून ज्याच्या घरी लाठ्या जास्त, त्याच्या मळ्याला पाणी जास्त.

ही हकिकत तांबटाच्या कानावर गेली तेव्हा त्याला अन्न गोड लागेना. त्याने तिन्ही ऋतू लावून एक पात्र केलं, गाळात टिकेल असं जाड बुडाचं. कोणाला ते दाखवलं नाही, कोणाकडून वाहवा घेतली नाही. दोन दिवस चालत तो तिच्या गावी गेला. पाटकरीण परक्याच्या मळ्यात खुरपत होती. त्याने पात्र तिच्यापुढे ठेवलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

तिने ते हातात घेतलं, भोकाला डोळा लावला. "चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण दादा, आता ह्या गावात मी मोजलेलं कोणी मानत नाही. पाण्याच्या आधी गावाचा विश्वासच आटला." तिने पात्र परत त्याच्या हातात ठेवलं. "हे त्या सरदारांना नेऊन द्या. त्यांची आठ होतील."

आणि ती पुन्हा खुरपायला बसली.

म्हणून मुलांनो, आणि थोरांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात धरा: थोडकं वाटायची वेळ आली की ज्याच्याकडे भरपूर आहे त्यालाच जो आणखी देतो, त्याने कितीही सुंदर घडवलं तरी त्याच्या हातून अन्यायच घडतो.