कच्च्या तुतीचा साझ

फार पूर्वी तुर्कस्तानातल्या एका डोंगराळ गावात साझ घडवणारा एक कारागीर राहत होता. साझ म्हणजे लांब मानेचं, तारांचं वाद्य. तुतीचा ओंडका कोरून त्याचं पोट करतात, पण तो ओंडका आधी वर्षानुवर्षं सावलीत वाळावा लागतो. म्हणून तिथली रीतच होती, की बापाने ओंडके वाळत घालायचे आणि मुलाने त्यांचे साझ घडवायचे.

आपल्या कारागिराने बापाचे ओंडके भराभर संपवले, नवे मात्र वाळत घातले नाहीत. शेवटचे चांगले साझ पाशाच्या, म्हणजे तिथल्या सुभेदाराच्या, महालात गेले. तिथे ते कुणी वाजवत नव्हतं, नुसते भिंतीवर टांगले होते. पण पाशा ‘वाहवा’ म्हणाला होता ना! कारागिराची स्वारी तेवढ्यावरच हवेत तरंगत होती.

थंडीच्या तोंडावर एक आंधळा म्हातारा गायक नातीचा हात धरून त्याच्या दारात आला. नदी ओलांडताना त्याचा साझ वाहून गेला होता. त्या खोऱ्यात एकदा मोठा भूकंप झाला होता. त्यात गेलेल्या प्रत्येकाचं नाव गुंफलेलं एक लांबलचक गाणं एकट्या त्यालाच येत होतं.

“उस्ताद,” म्हातारा म्हणाला, “तारांवर बोटं पडल्याशिवाय मला शब्द आठवत नाहीत. मरायच्या आधी हे गाणं नातीला द्यायचंय. वाळलेलं लाकूड आहे ना? नसेल तर तसं सांगा. घाट बर्फाने बंद व्हायच्या आत आम्ही पलीकडच्या खोऱ्यात जाऊ. तिथेही एक कारागीर आहे.”

दुसऱ्या कारागिराचं नाव निघालं आणि याला मिरची झोंबली.

“आहे की, बाबा! माझ्या वडिलांनी वाळत घातलेलं आहे.”

मग त्याने नुकतीच तोडलेली तुती आणली आणि भट्टीपाशी ठेवून शेकली. पी हळद अन् हो गोरी! लाकूड वरून वाळलं, आत ओलंच राहिलं.

म्हाताऱ्याने तयार साझ हातात तोलला. “जरा जड वाटतो, उस्ताद.”

“जुनं लाकूड जडच असतं, बाबा.”

मेलेल्या बापाचं नाव घेऊन कोण खोटं बोलेल? म्हाताऱ्याने विश्वास ठेवला. त्याच आठवड्यात घाट बंद झाला.

गाणं ऐकायला सारा गाव जमला. पहिली काही नावं आली, तशा बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. तेवढ्यात कडकन आवाज झाला. साझाचं पोट उभं चिरलं आणि तारा लोळत पडल्या.

म्हाताऱ्याने चिरेतून बोट फिरवलं. बोटाला ओल लागली.

“उस्ताद, हे तुमच्या वडिलांचं लाकूड नव्हे,” एवढंच तो बोलला.

“पुढचं नाव, आजोबा?” नात विनवत राहिली. गावात दुसरा साझ उरला नव्हता. म्हाताऱ्याची बोटं हवेतच हलत होती, पण शब्द काही येईना. बर्फ वितळण्याआधी तो गेला, आणि उरलेली सगळी नावं त्याच्याबरोबर मातीत गेली.

वसंतात एक म्हातारी कारागिराकडे आली. “उस्ताद, मला नीट ऐकू येत नाही. त्या दिवशी तुम्ही पुढेच बसला होतात. माझ्या लेकाचं नाव आलं का हो?”

‘आलं’ म्हणणं किती सोपं होतं! पण या खेपेला कारागिराची जीभ वळली नाही.

“नाही आलं, माई.”

म्हातारीने मान हलवली आणि ती घराकडे चालू लागली.

तात्पर्य: ‘माझ्याकडे नाही’ म्हणताना घडीभर मान खाली जाते, पण ते न म्हटल्याने दुसऱ्याचं जे बुडतं, ते मागाहून कितीही खरं बोललं तरी परत येत नाही.